रॅप कोणाचा, नाव कोणाचं: घोस्टरायटिंग, गीतकाराचं श्रेय आणि त्याचा पक्का कागद

मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत नागपुरात आता खोल्याखोल्यांत माइक लागले आहेत. भिंतीला जुन्या गाद्या टेकवल्या की स्टुडिओ तयार, बीट, म्हणजे रॅपमागे वाजणारं संगीत, इंटरनेटवरून पाच मिनिटांत मिळतो. मिळत नाही तो लिहिणारा. मग ज्याच्या हाताला शब्द आहेत त्याच्याकडे बाकीचे जातात: "भाऊ, सोळा बार लिवून दे ना. नाव माह्यंच राहीन, पैशाचं पाहून घेऊ."

बार म्हणजे रॅपची ओळ. आणि लिहायचं एकाने, नाव दुसऱ्याचं, यालाच घोस्टरायटिंग म्हणतात. या एवढ्या बोलण्यात तीन सौदे आहेत. नाव कोणाचं, हे ठरलं. पैसे किती, हे लांबणीवर पडलं. आणि त्या शब्दांचा मालक कोण, हे तर कोणी विचारलंच नाही. नाव, पैसा आणि मालकी या कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दिली म्हणून दुसरी आपोआप जात नाही. सगळी भांडणं या तिन्हींची एकच मोट बांधल्यामुळे होतात. त्या सुट्या कशा करायच्या आणि कागदावर कशा आणायच्या, ते इथे क्रमाने सांगतो. लिहिणाऱ्यालाही हे लागेल, लिहून घेणाऱ्यालाही.

आधी हे समजून घ्या: लपवाछपवी रॅपमध्येच का?

सिनेमाच्या गाण्यात गीतकार वेगळा आणि गायक वेगळा असतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. रॅपमध्ये माणूस "मी" म्हणून बोलतो. माझी गल्ली, माझी गरिबी, माझा राग. तो "मी" दुसऱ्याने लिहिला असेल तर ऐकणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून हे काम कुजबुजत चालतं.

पण अमेरिकेतल्या हिपहॉपचा इतिहास पाहिला तर दुसऱ्याकडून लिहून घेणं पहिल्या दिवसापासून आहे. १९७९ साली शुगरहिल गँगचं 'रॅपर्स डिलाइट' गाजलं. त्यात गँगमधल्या बिग बँक हँकने म्हटलेल्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्याच रॅपरच्या वहीतल्या होत्या. उचलताना कॅझचं जुनं स्टेजनावसुद्धा त्यात तसंच राहून गेलं! कॅझला ना श्रेय मिळालं ना रॉयल्टी. आता दुसरी बाजू बघा. १९८७ मध्ये इझी-ईने गायलेलं 'बॉईज-एन-द-हूड' आइस क्यूबने लिहिलं होतं. १९९९ चं डॉ. ड्रेचं 'स्टिल डी.आर.ई.' जे-झीने लिहिलं आणि गीतकारांच्या यादीत त्याचं खरं नाव, शॉन कार्टर, आहे. 'जीझस वॉक्स'मध्ये कान्ये वेस्टबरोबर राईमफेस्टचं नाव सहलेखक म्हणून लागलं आणि ग्रॅमीमध्येही ते धरलं गेलं.

२०१५ च्या जुलैत मीक मिल या रॅपरने ड्रेक या बड्या रॅपरवर जाहीर आरोप केला की तो स्वतःचं स्वतः लिहीत नाही. मग ड्रेकसाठी लिहिणाऱ्या क्वेंटिन मिलरच्या आवाजातले कच्चे ट्रॅक रेडिओवर वाजले. गंमत अशी की त्या वर्षीच्या ड्रेकच्या अनेक गाण्यांच्या श्रेयनामावलीत मिलरचं नाव आधीपासून होतं. म्हणजे ते भांडण इज्जतीचं होतं, हक्काचं नव्हतं. इज्जतीचं भांडण कागदाने मिटत नाही. हक्काचं मिटतं. हा लेख दुसऱ्या प्रकाराचा आहे.

आपल्याकडे तर कवीने शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायची रीत किती जुनी. तुकडोजी महाराजांच्या भजनात 'तुकड्यादास' येतोच, वामनदादा कर्डकांच्या गीतात 'वामन' येतो. गाणारे बदलले, कॅसेट जाऊन पेनड्राइव्ह आले, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यावरच्या स्टॉलवर मुखपृष्ठावर गायकाचा फोटो झळकला, तरी लिहिणारा गाण्याच्या आत बसलेला. त्याला काढायचं तर यमक मोडावं लागतं. रॅपरही आपलं नाव व्हर्समध्ये, म्हणजे कडव्यात, टाकतात, पण घोस्टरायटर टाकू शकत नाही. त्याला ती सोय कागदावरच करावी लागते.

पायरी पहिली: कोणी काय केलं ते वेगळं करा

रेकॉर्डिंगआधी, निदान त्याच रात्री, गाण्याचे तुकडे पाडा. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार एका रॅप गाण्यात चार वेगळे हक्क असतात.

शब्द ही साहित्यकृती. तिचा कर्ता लिहिणारा. संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द मुद्दाम बाहेर ठेवले आहेत, त्यामुळे सोळा बार कितीही लयीत असले तरी कायद्यासमोर ते साहित्य आहे. संगीताचा कर्ता संगीतकार, म्हणजे आपल्याकडे बीट बनवणारा, आणि हुकला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या धृपदाला, चाल असेल तर ती चाल बांधणाराही. तिसरं ध्वनिमुद्रण. त्याचा कर्ता निर्माता, म्हणजे रेकॉर्डिंग घडवून आणायचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. तासाचे पैसे घेऊन माइक लावून देणारा स्टुडिओवाला निर्माता होत नाही. म्हणून "फाइल माह्या कॉम्प्युटरात आहे, गाणं माह्यं" याला अर्थ नाही. चौथा हक्क सादर करणाऱ्याचा, म्हणजे रॅपरचा. तो त्याने लिहिलं नसलं तरी त्याचाच असतो आणि ५० वर्षं चालतो. मिक्स-मास्टर करणाऱ्याला, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर आवाज नीट बसवणाऱ्याला, फी आणि नावाची ओळ मिळते, गीतकार-संगीतकाराच्या हिश्श्यात त्याचा वाटा नसतो.

आता अवघड प्रश्न. मित्राने बसल्या बसल्या दोन शब्द सुचवले, तर तो गीतकार का? माझं मत सरळ आहे. यमक जुळवून दिलं, एखादा शब्द बदलला, "हे जरा हळू म्हण" असं सांगितलं, तर चहा पाजा आणि आभारात नाव टाका. पण त्याने दिलेली ओळ काढल्यावर व्हर्स लंगडा होत असेल, किंवा हुक त्याच्याच पंचलाइनवर उभा असेल, तर तो सहगीतकार आहे, मग ती ओळ एकच का असेना. फ्लो शिकवणं हा मधला प्रकार आहे. शब्द तुमचे आणि ठोक्यावर कसे बसवायचे ते दुसऱ्याने दाखवलं, तर शब्दांचा हक्क तुमचाच राहतो. त्या मेहनतीचे पैसे वेगळे ठरवा.

पायरी दुसरी: त्याच रात्री वाटणीचा कागद

याला सगळीकडे स्प्लिट शीट म्हणतात. एक पान पुरतं. यात कोणी कोणाला हक्क विकत नाही, फक्त कोणी काय केलं ते सगळे मिळून मान्य करतात. त्यात एवढं लिहा: गाण्याचं नाव (पुढे बदलू शकतं म्हणून पहिली ओळही), तारीख, प्रत्येकाचं आधारकार्डावरचं नाव आणि स्टेजनाव, काम, शब्दांतला टक्का, संगीतातला टक्का, फोन, आयपीआरएसचा (शब्द-संगीताचे पैसे गोळा करून वाटणारी सोसायटी, तिच्याबद्दल सहाव्या पायरीत) सदस्य असल्यास क्रमांक, सही.

टक्क्यांची रीत अशी ठेवा की शब्दांचे १०० वेगळे आणि संगीताचे १०० वेगळे. अमेरिकेत सगळं मिळून १०० धरून अर्धे शब्दांना आणि अर्धे संगीताला देतात. तसं केलंत तरी चालेल, पण कागदावर कोणती रीत वापरली ते लिहा. एकाने ५० लिहिले ते शब्दांतले आणि दुसऱ्याने समजले ते पूर्ण गाण्यातले, हा घोळ हमखास होतो.

उदाहरण घेऊ. फुटाळ्यावर एक गाणं जमलं. दोन व्हर्स रॅपरचे, तिसरा मित्राचा, हुकचे शब्द दोघांचे, हुकची चाल मित्राची, बीट तिसऱ्याचा. शब्दांत रॅपर ६० आणि मित्र ४०. संगीतात बीटवाला ८० आणि मित्र २०. हे आकडे शास्त्र नाहीत, घासाघीस करूनच ठरतात. ओळी मोजून टक्के काढायच्या मी विरोधात आहे, कारण चार ओळींचा हुक बारा वेळा वाजतो आणि लोकांच्या तोंडी तोच बसतो. एकमत होत नसेल तर सरळ समान वाटा. थोडं कमी मिळालं तरी गाणं बाहेर पडेल.

बीट विकत न घेता लायसन्सवर घेतला असेल तर ते लायसन्स नीट वाचा. बहुतेक लायसन्समध्ये बीटवाला संगीतकार म्हणून आपला हिस्सा राखून ठेवतो आणि नाव कसं द्यायचं तेही सांगतो. 'फ्री' लिहिलेला बीट पुष्कळदा फक्त कमाई न करण्याच्या अटीवर फुकट असतो. जुन्या मराठी गाण्याचा तुकडा कापून बीटमध्ये घातला असेल तर ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी लागते, शब्द-संगीताच्या हक्कदारांचीही लागते. ती नसेल तर वाटणीच्या कागदावरचे सगळे टक्के हवेतले.

पायरी तिसरी: घोस्टरायटिंगचा करार

खरी मेख इथे आहे. "मी पैसे दिले, आता गाणं माझं" हा समज नागपुरातच काय, मुंबईतही आहे. आणि तो चूक आहे.

नोकरीवर असलेल्या माणसाने नोकरीचं काम म्हणून लिहिलं तर शब्दांचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. पण मित्राला, ओळखीच्याला किंवा बाहेरच्या लेखकाला एका गाण्याचे पैसे देणं म्हणजे नोकरी नव्हे. तिथे शब्दांचा पहिला मालक लिहिणाराच. मालकी दुसऱ्याकडे जायची तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि लिहिणाऱ्याच्या सहीचा करार लागतो. फोनवरून पाठवलेल्या पैशांचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे पोचल्याचा पुरावा, हक्क दिल्याचा नाही. त्या करारात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला-रॉयल्टी किती हे आलं पाहिजे. काळ लिहिला नाही तर पाच वर्षं धरली जातात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने एका वर्षात तो हक्क वापरलाच नाही, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो परत जातो. ही शेवटची तरतूद लिहिणाऱ्यांनी पाठ करून ठेवावी. कितीतरी व्हर्स लोक घेतात आणि फोनमध्ये कुजवतात.

आता रॉयल्टी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांचा किंवा संगीताचा कर्ता हक्क विकू शकतो, पण हक्क घेणाऱ्याबरोबर समान वाट्याने रॉयल्टी मिळण्याचा अधिकार तो सोडू शकत नाही. अपवाद दोनच: कायदेशीर वारस आणि वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटी (आयपीआरएससारखी संस्था). याच्या उलट केलेलं हस्तांतरण रद्दबातल ठरतं. म्हणजे "एकदाच इतके घे, पुढे काही मागायचं नाही" अशी ओळ लिहून घेतली तरी रॉयल्टीपुरती ती टिकत नाही. लिहून घेणाऱ्यांनी हे आधीच समजून हिशेब मांडावा. आगाऊ रक्कम थोडी कमी आणि पुढचा हिस्सा उघड, असा सौदा दोघांनाही सोपा जातो.

राहिलं नाव. कलम ५७ म्हणतं की हक्क विकल्यावरही कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा आणि कृतीची मोडतोड होऊन आपली बदनामी होत असेल तर ती रोखण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. मग घोस्टरायटिंग बेकायदा आहे का? नाही. आपलं नाव येऊ नये हे लेखक स्वखुशीने मान्य करू शकतो. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका चित्रपटाच्या श्रेयावरून झालेल्या वादात अशी स्वखुशीची माघार मान्य केली होती. पण ती स्पष्ट आणि लेखी हवी. गप्प राहिला म्हणजे नाव सोडलं, असं धरू नका.

कराराचा गाभा साधारण असा लिहिता येईल:

"'____' या गाण्याच्या दुसऱ्या व्हर्सचे व हुकचे शब्द मी लिहिले आहेत, ते सोबत जोडले आहेत. या शब्दांचे ध्वनिमुद्रण करणे, ते प्रसारित करणे व कार्यक्रमात सादर करणे हे हक्क मी श्री./श्रीमती ____ यांना जगभरासाठी ____ वर्षांकरिता देत आहे. मोबदला: आज रु. ____, तसेच शब्दांच्या बाजूने येणाऱ्या रॉयल्टीतील ____ टक्के. व्हिडिओ, पोस्टर व समाजमाध्यमांवरील श्रेयात माझे नाव देऊ नये, यास माझी स्वखुशीने संमती आहे. कॉपीराइट सोसायटीकडे गीतकार म्हणून माझी नोंद राहील. शब्दांत मोठा बदल करण्यापूर्वी मला दाखविले जाईल."

शेवटून दुसरं वाक्य बघा. पोस्टरवर नाव नको असेल तर ठीक, पण सोसायटीच्या नोंदीत नाव हवंच, कारण तिथून येणारे पैसे नोंदलेल्या माणसालाच मिळतात. ही नोंद रस्त्यावर टांगलेली नसते. पूर्ण गुप्तही नसते, शोधणाऱ्याला सापडू शकते. तेवढंही नको असेल तर टोपणनाव घ्या. सोसायटीच्या पद्धतीत टोपणनावं चालतात. माणिक गोडघाट्यांनी याच शहरात राहून 'ग्रेस' या नावाने अवघी कविता लिहिली. एखाद्या रॅपलेखकाला टोपणनावामागे बसायला लाज वाटायचं कारण नाही.

गुप्ततेचं कलम घालायचं तर त्याला खिडक्या ठेवा: वकील, आयकर, सोसायटी, न्यायालय आणि लेखकाने नवीन काम मिळवताना खासगीत दाखवलेला नमुना. सगळीकडून तोंड शिवणारं कलम असेल तर लिहिणाऱ्याने सही करू नये. पाच वर्षं गाजलेली गाणी लिहूनही नवीन माणसाला दाखवायला त्याच्याकडे काही उरत नाही. उलट बाजूने लिहून घेणाऱ्याला एक सल्ला: करार केलात तर मंचावर "मी एकेक ओळ स्वतः लिहितो" असं छाती ठोकून सांगू नका. कोणी विचारलं तर "टीम आहे" एवढं पुरतं. अमरावतीपासून पुण्यापर्यंत मराठीत दमदार लिहिणारे आता इतके झालेत की शैली ओळखणारे कान तयार झाले आहेत.

महाराष्ट्रात २०२४ च्या ऑक्टोबरपासून साध्या करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. जुना शंभराचा कागद कपाटातून काढून त्यावर करार करू नका. दोन साक्षीदार घ्या, प्रत्येक पानावर सही घ्या, शब्दांचं पान जोडा. आणि वय बघा! कॉलेज फेस्टला सायफर, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप म्हणायचा फड, गाजवणारी निम्मी पोरं अठराच्या आतली असतात. अठराच्या आतल्या (कायद्याच्या भाषेत 'अज्ञान') मुलाने केलेला करार कायद्याने शून्य. लिहिलेल्या शब्दांचा मालक तो होऊ शकतो, पण सही आईवडिलांनी पालक म्हणून करायची.

पायरी चौथी: पुरावा साठवा

लिहिणाऱ्याने सगळे कच्चे खर्डे ठेवावेत. खोडाखोडीची वही फाडून फेकू नका, उलट खोडाखोडच सांगते की हे इथे जन्मलं. गूगल डॉक्समध्ये लिहिलंत तर आधीच्या आवृत्त्या तारखेसह राहतात. व्हॉइस नोट स्वतःलाच पाठवून ठेवा. समोरच्याला पूर्ण व्हर्स पाठवण्याआधी "हे माझे शब्द, अमुक अटीवर देतोय" एवढी एक ओळ लिहा आणि त्याचं 'ओके' येऊ द्या. फोन बदलताना व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, आणि 'गायब होणारे मेसेज' बंद ठेवा.

न्यायालयात चॅटचा नुसता प्रिंटआउट चालत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते वकील करून देईल, तुम्ही मूळ फोन आणि मूळ फाइल सांभाळा. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने बंद पाकीट पाठवायची जुनी युक्ती अजून सांगितली जाते. तिच्यावर फार भिस्त ठेवू नका.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, लिहिता क्षणी हक्क तयार होतो. तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. पण नोंदणी केली तर नोंदवहीतला उतारा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज होतो. शब्दांसाठी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. प्रत्येक व्हर्ससाठी हा खर्च करायची गरज नाही. मोठ्या कंपनीकडे जाणारं गाणं असेल तर जरूर करा.

पायरी पाचवी: अपलोडचा फॉर्म

कागद चोख आणि फॉर्म चुकीचा, असं फार होतं. गाणं स्पॉटिफाय, जिओसावनवर टाकायला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे मधली कंपनी, लागतो. त्याच्या फॉर्ममध्ये गीतकार, संगीतकार, निर्माता असे रकाने असतात. घाईत रॅपर सगळीकडे स्वतःचं नाव भरतो आणि पुढे ते श्रेयाच्या पानावर तसंच दिसतं. इथे स्टेजनाव नाही, खरं पूर्ण नाव द्या, आणि प्रत्येक गाण्यात एकाच स्पेलिंगने. एकदा आडनावात एक अक्षर जास्त आणि एकदा कमी असेल तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसं झाली.

दोन क्रमांक ओळखून ठेवा. आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक, बहुधा डिस्ट्रिब्युटरच देतो. आयएसडब्ल्यूसी हा शब्द-संगीताचा, म्हणजे मूळ रचनेचा. तो सोसायटीकडे कृती नोंदवल्यावर मिळतो. रीमिक्स केला, पुन्हा रेकॉर्ड केलं, तर पहिला बदलतो, दुसरा तोच राहतो. लिहिणाऱ्याचे पैसे दुसऱ्याच्या मागे फिरतात.

करारात नाव गुप्त ठेवायचं ठरलं असेल तर गीतकाराच्या रकान्यात काय भरायचं ते आधी ठरवा: टोपणनाव, की काही ठिकाणी फक्त रॅपरचं नाव. "बघू अपलोड करताना" म्हणाल तर रात्री दोन वाजता काहीतरी भरलं जातं आणि तेच कायम राहतं.

पायरी सहावी: आयपीआरएस

डिस्ट्रिब्युटरकडून येतात ते मुख्यतः ध्वनिमुद्रणाचे पैसे. शब्द आणि संगीताचे पैसे वेगळ्या वाटेने येतात, ती वाट म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. ती १९६९ ची आहे आणि गीतकार, संगीतकार व प्रकाशक तिचे सदस्य असतात. सदस्य होताना ओळख, पॅन, बँक खातं आणि प्रदर्शित गाण्यांची माहिती द्यावी लागते. सदस्य झाल्यावर थांबू नका. प्रत्येक गाणं टक्केवारीसह नोंदवावं लागतं, आणि दुसऱ्या पायरीतला कागद इथे उपयोगी पडतो. एकाने ६०-४० आणि दुसऱ्याने ५०-५० नोंदवलं तर वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात.

रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात किंवा सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात शो झाला, तर आयोजकाने वाजणाऱ्या रचनांसाठी परवाना घ्यायचा असतो. शोनंतर गाण्यांची यादी आयोजकाकडून सोसायटीला पोचेल याची खात्री करा. स्वतःचं गाणं स्वतः म्हटलं तरी लिहिणारा तुम्ही नसाल, तर त्या सादरीकरणावर त्याचा हक्क लागतो.

पायरी सातवी: बिनसलं तर

पहिलं काम डिस ट्रॅक, म्हणजे समोरच्याला ठोकणारं गाणं, नव्हे! मजा येते, व्ह्यूज येतात, पण त्यात केलेले दावे उद्या तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवले जातात. आधी समोरच्याला लेखी विचारा: अमुक गाण्यात माझं नाव नाही, दुरुस्त कर. डिस्ट्रिब्युटरकडून श्रेय नंतरही दुरुस्त होतं, काही दिवस लागतात. निम्मी प्रकरणं इथेच मिटावीत.

यूट्यूबवर कॉपीराइट तक्रार करायच्या आधी दोनदा विचार करा. गाणं उतरलं तर सगळ्यांचीच कमाई थांबते, तुमचीही. आणि तुम्ही सहगीतकार असून पूर्ण मालक म्हणून तक्रार केली तर ती खोटी ठरते.

मग वकिलाची नोटीस, आणि तरी नाही जमलं तर दावा. इथे नागपूरकराच्या सोयीची एक तरतूद आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ नुसार दावा करणारा जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. मुंबईच्या लेबलने, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीने, तुमचा व्हर्स वापरला तरी तुम्ही सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जाऊ शकता. करारात "वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात" अशी बारीक ओळ असते, सहीआधी तिच्यावर बोट ठेवा. दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अठराच्या आतली मुलं यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. ही गोष्ट आपल्या पोरांना कोणी सांगतच नाही.

जुन्या गाण्यांचं काय?

"माह्ये चार गाणे तर आधीच निघाले, कागद कोणताच नाही केला बे." असं असेल तर मागची तारीख टाकून करार करू नका. मुद्रांकावर विक्रीची तारीख असते, लबाडी पहिल्याच पानावर दिसते. आजच्या तारखेचाच कागद करा. त्यात लिहा की हे गाणं अमुक महिन्यात प्रदर्शित झालं, त्यातले हे शब्द याने लिहिले, तेव्हा तोंडी असं ठरलं होतं, आणि आज आम्ही ते लेखी मान्य करतो. आतापर्यंत आलेल्या पैशांचा हिशेब जोडा. तो नसेल तर एक रक्कम ठरवून मागचं संपवा आणि पुढचे टक्के लिहा. मग सोसायटीची नोंद आणि डिस्ट्रिब्युटरचा फॉर्म या कागदाप्रमाणे दुरुस्त करा. चारही गाणी एकाच करारात घालू नका. प्रत्येकाचं वेगळं पान ठेवा, म्हणजे एका गाण्यावरून फाटलं तरी बाकीची तीन चालू राहतील.